सहा शाळा, सोळा मुली आणि एक फिजिक्सची सोसायटी

हे प्रकरण इंग्लंडमधलं आहे, साधारण २००६ ते २०१७ ह्या काळातलं. संस्था मोठी आणि जाहीर आहे म्हणून तिचं नाव दिलंय, शाळांची आणि शिक्षकांची नावं नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांची गरजही पडत नाही कारण अशी शाळा तिथे कुठल्याही गावात सापडेल. वैज्ञानिकांची एखादी संस्था जर्नल काढणं, लेक्चर ठेवणं आणि मेडल देणं ह्यापलीकडे फिजिक्ससाठी करते तरी काय असं कोणी विचारलं की मी हे उदाहरण देतो. इथे संस्थेने एक लाजिरवाणा आकडा स्वतःच शोधून काढला, स्वतःच छापला, आणि मग तो हलतो का हे बघायला शाळांमध्ये माणसं पाठवली.

पार्श्वभूमी

संस्था म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स, सगळे आयओपीच म्हणतात. लंडनची जुनी फिजिकल सोसायटी १८७४ सालची, पुढे १९२० मध्ये फिजिक्स हा ज्यांचा पेशा आहे अशा लोकांसाठी वेगळी इन्स्टिट्यूट निघाली, १९६० मध्ये दोन्ही एकत्र झाल्या आणि १९७० ला रॉयल चार्टर, म्हणजे राजघराण्याच्या सनदेने मिळणारी अधिकृत मान्यता, मिळाला. मेंबरांची वर्गणी असते, पण मोठा आधार म्हणजे ब्रिस्टलमधली त्यांच्याच मालकीची प्रकाशन कंपनी. जर्नल विकून जे उरतं ते संस्थेच्या कामाला येतं, म्हणजे पुण्यातल्या एखाद्या लायब्ररीने भरलेल्या सबस्क्रिप्शनचा काही भाग फिरत फिरत तिकडच्या एखाद्या शाळेच्या वर्गात पोचत असणार, असो.

आता तिथली शाळेची पद्धत थोडी समजून घ्यायला लागते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. १६ वर्षांपर्यंत सायन्स सगळ्यांना कम्पल्सरी, त्याची परीक्षा म्हणजे जीसीएसई. त्यानंतर ए-लेव्हल, दोन वर्षं, आणि तिथे साधारण तीनच विषय घ्यायचे, कुठलेही. फिजिक्स, इतिहास आणि ड्रामा असं कोणी घेतलं तरी कोणी अडवत नाही. आपल्यासारखी सायन्स-कॉमर्स-आर्ट्स अशी तीन पोती बांधलेली नसतात. त्यामुळे सोळाव्या वर्षी फिजिक्स सोडलं की ते सुटलंच, पुढे युनिव्हर्सिटीत फिजिक्स किंवा बऱ्याच इंजिनिअरिंगच्या कोर्सला जायचा रस्ता तिथेच बंद होतो.

आणि मुली तिथेच सोडत होत्या. ए-लेव्हल फिजिक्सच्या वर्गात मुली साधारण पाचात एक, आणि हे एखाद्या वर्षीचं नाही, वीसेक वर्षं आकडा जागचा हलला नव्हता. जीसीएसईला फिजिक्समध्ये मुलामुलींचे मार्क जवळजवळ सारखे, म्हणजे येत नाही म्हणून सोडलं असंही म्हणता येत नाही. २०११ मध्ये ए-लेव्हलला मुलांच्या आवडीच्या विषयांत फिजिक्स चौथं होतं आणि मुलींच्या यादीत एकोणिसावं. ह्यावर कोणी म्हणेल की मुलींना गणित नको असतं. पण तिथे ए-लेव्हल गणिताच्या वर्गात दहापैकी जवळजवळ चार मुली असतात आणि केमिस्ट्रीत मुली निम्म्याच्या आसपास. मग फिजिक्सनेच काय घोडं मारलंय?

घोडं कुठे पेंड खातंय

आयओपीचा ह्यावरचा गाजलेला रिपोर्ट २०१२ चा, तो पुढे येतोच, पण हा प्रश्न त्यांनी काही तेव्हा पहिल्यांदा बघितला नव्हता. २००६ मध्ये त्यांनी ओपन युनिव्हर्सिटीच्या दोन संशोधकांकडून तोपर्यंतच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा करून घेतला होता आणि त्यातून ढोबळमानाने तीन गोष्टी वर आल्या. एक, फिजिक्सचा आपल्याशी काही संबंध आहे असं मुलींना वाटत नाही. दोन, मार्क चांगले असले तरी ‘मला फिजिक्स येतं’ असं त्या स्वतःबद्दल म्हणत नाहीत. तीन, शिकवणारा कसा आहे ह्याचा फार फरक पडतो. मग शिक्षकांसाठी मार्गदर्शिका निघाली, ट्रेनिंग झालं. सगळं व्यवस्थित. आकडा तिथेच.

इथे माझ्या मते ह्या प्रकरणातला पहिला खरा निर्णय झाला, आणि तो दिसायला अगदी कारकुनी आहे. देशाचा एक आकडा बघत बसण्याऐवजी त्यांनी शाळेगणिक आकडा काढला. सरकारकडे प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असलेला डेटाबेस आहे, त्यावरून २०११ च्या ए-लेव्हलवाल्या मुली आधी कुठल्या शाळेत होत्या हे बघितलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये रिपोर्ट आला. इंग्लंडमधल्या मुलं-मुली एकत्र असलेल्या सरकारी शाळांपैकी ४९ टक्के शाळांमधून एकही मुलगी ए-लेव्हल फिजिक्सला गेली नव्हती. एकही नाही! आणि फक्त मुलींच्या सरकारी शाळांमधून मुलगी फिजिक्सला जायची शक्यता एकत्र शाळांच्या जवळजवळ अडीच पट होती.

४९ टक्के वाचून पेपरवाल्यांना हेडिंग मिळालं, पण ह्या आकड्याकडे जरा थांबून बघायला पाहिजे. समजा एका शाळेतून वर्षाला पाचच जण फिजिक्सला जातात आणि देशभरात मुलींचं प्रमाण पाचात एक आहे. मग नुसत्या योगायोगाने त्या पाचात एकही मुलगी नसण्याची शक्यता किती? ०.८ चा पाचवा घात, म्हणजे साधारण ३३ टक्के. तीनच जण जात असतील तर ५१ टक्के. म्हणजे लहान शाळांमध्ये ‘शून्य मुली’ हे शाळेचं काही चुकत नसतानाही दिसणार, आणि ४९ टक्क्यांतला बराचसा भाग असा लहान आकड्यांचा खेळ असू शकतो. तसंच मुलींच्या सरकारी शाळांमध्ये काही परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या असतात, त्यामुळे अडीच पटीचं सगळं श्रेय वर्गात मुलगे नसण्याला देता येत नाही. फिजिक्सवाल्यांच्या संस्थेने हेडलाइनबरोबर एवढं गणित चार ओळीत सांगितलं असतं तर मला आवडलं असतं.

म्हणून प्रश्न खोटा ठरतो का, तर नाही. एक म्हणजे पाचात एक हे मूळ प्रमाणच आपण योगायोगाच्या हिशोबात गृहीत धरलंय, तेच तर दुखणं आहे. आणि दुसरं, २०१३ मध्ये आयओपीने आणखी एक काम केलं ज्याच्यामुळे माझं मत बदललं. त्यांनी फिजिक्स बाजूला ठेवून एकदम सहा विषय बघितले, मुलींकडे झुकलेले तीन म्हणजे इंग्लिश, बायोलॉजी, सायकॉलॉजी, आणि मुलांकडे झुकलेले तीन म्हणजे गणित, फिजिक्स, इकॉनॉमिक्स. पाचपैकी साधारण चार सरकारी एकत्र शाळा अशा निघाल्या की त्या देशातला झुकाव एकतर तसाच पुढे ढकलतात किंवा वाढवतात. आणि ज्या थोड्या शाळांमध्ये मुली फिजिक्सला जातात तिथे बहुतेक वेळा बाकी विषयांतही मुलगा-मुलगी फरक कमी असतो.

ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. फिजिक्सची लॅब चांगली, सर चांगले, म्हणून मुली जातात असं असतं तर त्याच शाळेत मुलगे सायकॉलॉजीला जास्त कशाला जातील? म्हणजे काहीतरी फिजिक्सच्या वर्गाच्या बाहेर चाललंय, स्टाफरूममध्ये, विषय निवडायच्या मीटिंगमध्ये, पोरापोरांच्या चिडवाचिडवीत. फिजिक्सच्या सोसायटीला हे पचायला अवघड आहे, कारण तिची सगळी ताकद, मेंबर, ट्रेनिंग, साहित्य, फिजिक्सच्या वर्गात आहे आणि दुखणं वर्गाबाहेर निघालं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा, जाहिरात. थोर स्त्री शास्त्रज्ञांची पोस्टर, शाळेत एक पाहुणी बाई बोलवायची, तास दीड तास कार्यक्रम, फोटो, चहा. ह्याच काळात, जून २०१२ मध्ये, युरोपियन कमिशनने मुलींना सायन्सकडे ओढायला एक छोटा व्हिडिओ काढला होता, त्यात हाय हील्स, मेकअप, लिपस्टिक, आणि एक पुरुष शास्त्रज्ञ मायक्रोस्कोपमधून डोकं वर काढून बघतोय. जगभरातल्या शास्त्रज्ञ बायकांनी इतकं झोडपलं की तो व्हिडिओ मागे घ्यायला लागला. जाहिरातीचा रस्ता स्वस्त असतो आणि त्यात असं हात दाखवून अवलक्षण होतं.

दुसरा पर्याय, अडीच पटीचा आकडा बघून कोणालाही सुचेल असा: एकत्र शाळेतच फिजिक्सचा तास मुलींचा वेगळा घ्यायचा. मोह होण्यासारखं आहे, पण वर २०१३ चं जे निघालं ते खरं मानलं तर वर्ग वेगळा करून स्टाफरूम बदलत नाही, जेवणाच्या सुट्टीतलं बोलणं बदलत नाही.

तिसरा, मुलींबरोबरच काम करायचं, आत्मविश्वास वाढवायचा, चुकलं तरी चिकाटीने मागे लागायची सवय लावायची. ह्याच्यामागे २००६ चा पुरावा होता. ह्यातला धोका असा की आपण नकळत म्हणतोय की बिघाड मुलींमध्ये आहे, त्यांना दुरुस्त करूया.

चौथा, फिजिक्सच्या शिक्षकांबरोबर काम. आयओपीकडे शिक्षकांना मदत करणारं एक मोठं जाळं तयारच होतं, सरकारच्या शिक्षण खात्याच्या पैशावर चालणारं, त्यामुळे हा सगळ्यात सोपा पर्याय. इंग्लंडमध्ये फिजिक्स शिकलेल्या शिक्षकांचा तुटवडा जुना आहे, कितीतरी शाळांत बायोलॉजीवाले सरच फिजिक्स शिकवतात, त्यामुळे असं जाळं तसंही लागतंच.

पाचवा, सगळ्या शाळेबरोबर काम, मुख्याध्यापकांपासून. सगळ्यात अवघड, सगळ्यात वेळखाऊ, आणि फिजिक्सच्या संस्थेने इंग्लिशच्या बाईंना जाऊन काय सांगायचं हा संकोच वेगळाच.

कुठला निवडायचा? त्यांनी एक निवडलाच नाही. २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षं शेवटचे तीन रस्ते वेगवेगळ्या शाळांत करून बघायचे आणि काही शाळांत तिन्ही एकत्र, असं ठरलं. पैसे दोन ठिकाणचे: शिक्षण खातं, आणि ड्रेसन फाउंडेशन नावाची एक खाजगी धर्मादाय संस्था. तिन्ही एकत्र करायच्या ज्या शाळा होत्या त्या ड्रेसनच्या पैशावरच्या, सहा.

मला हा दुसरा महत्त्वाचा निर्णय वाटतो. संस्थांना सहसा एक कार्यक्रम लाँच करायचा असतो, त्याला नाव, लोगो, उद्घाटन. ‘आम्हाला माहीत नाही कुठलं चालतं, म्हणून तीन करून बघतोय’ असं म्हणायला जरा धाडस लागतं, तेही दुसऱ्याचा पैसा घेऊन.

काय केलं

मुलींबरोबरचं काम म्हणजे भाषणं नव्हती. छोटे गट करून त्यांनाच काहीतरी करायला द्यायचं, लहान वर्गांना प्रयोग दाखवणं, शाळेत फिजिक्सची जबाबदारी घेणं, म्हणजे फिजिक्सशी स्वतःचं नाव जोडलं जातं. लंडनच्या संशोधकांनी १० ते १४ वयाच्या मुलांच्या आकांक्षांवर एक मोठा लांब पल्ल्याचा अभ्यास केला होता, त्यात हेच दिसलं होतं की बहुतेक मुलांना सायन्स आवडतं, पण ‘हे माझ्यासारख्यांचं काम आहे’ असं फार थोड्यांना वाटतं. आवड असणं आणि आपलं वाटणं ह्यात बरंच अंतर आहे.

शिक्षकांबरोबरचं काम वर्गात बसून. प्रश्न विचारल्यावर उत्तर कोणाकडे मागितलं जातं, हात वर करणाऱ्या त्याच दोन मुलांकडे का, उत्तरासाठी किती वेळ थांबलं जातं, उदाहरणं कायम गाड्या, तोफगोळे आणि फुटबॉलचीच का. प्रयोगाच्या टेबलावर उपकरण कोणाच्या हातात आणि वही कोणाच्या हातात. बऱ्याच शिक्षकांना स्वतःच्या वर्गात हे चाललंय ह्याची कल्पना नसते, आणि ह्यात बाई-सर असा फरकही नाही, बायकासुद्धा हेच करतात.

सगळ्या शाळेबरोबरच्या कामात काय करायचं हे ठरवायला आयओपीने वेगळं काम केलं होतं, प्रत्यक्ष शाळांमध्ये जाऊन लोकांशी बोलून २०१५ मध्ये शिफारशींची एक यादी काढली. त्यातल्या काही गोष्टी वाचून मी चाट पडलो कारण त्यात फिजिक्स कुठेच नाही. शाळेच्या वरच्या फळीतल्या एका माणसावर ह्या विषयाची जबाबदारी हवी, ती एखाद्या तरुण हौशी शिक्षकावर ढकलून चालणार नाही. शेरेबाजी मुलगा-मुलगी वरून झाली तर ती वंशावरून झालेल्या शेरेबाजीइतकीच गंभीर धरायची, हसण्यावारी न्यायची नाही. करिअरचं मार्गदर्शन लवकर सुरू करायचं आणि ‘मोठेपणी कोण होणार’ पेक्षा ‘पुढच्या टप्प्याला कुठले विषय’ ह्यावर भर द्यायचा.

आणि एक, माझ्या सगळ्यात आवडीची: कुठलाही विषय अवघड आहे की सोपा ह्याबद्दल शिक्षकांनी शेरे मारायचे नाहीत, कोणीच, कुठल्याही विषयाबद्दल. ‘अगं बाई, फिजिक्स ना, मला तर कधी जमलं नाही’ हे वाक्य भूगोलाच्या बाई प्रेमाने बोलतात, त्यांच्या मनात काही नसतं, आणि समोरच्या चौदा वर्षांच्या मुलीला तेवढं पुरतं. आणि फिजिक्सचे सर ‘हा विषय सगळ्यांना झेपत नाही हं’ असं अभिमानाने म्हणतात तेही तेच. मुलाला ते आव्हान वाटतं, मुलीला बऱ्याचदा ती सूचना वाटते. ह्या एका नियमाला खर्च शून्य आहे, पाळायला मात्र भयंकर अवघड, कारण आपला विषय अवघड आहे हे सांगण्यात आपल्याला केवढं सुख असतं!

निकाल

ज्या सहा शाळांत तिन्ही रस्ते एकत्र वापरले तिथे एएस-लेव्हलला, म्हणजे ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेला, फिजिक्स घेणाऱ्या मुली दोन वर्षांत १६ वरून ५२ वर गेल्या. तिपटीच्या वर.

आकडा मोठा आहे की लहान? दोन्ही. सहा शाळांत १६ म्हणजे शाळेमागे तीनसुद्धा नाहीत, ५२ म्हणजे शाळेमागे जेमतेम नऊ. पण वर्गात तीन मुली असणं आणि नऊ असणं ह्यात तिथे बसणाऱ्या मुलीला जो फरक वाटतो तो तिपटीचा नाही, त्याहून जास्त आहे. तीन असताना प्रत्येक जण ‘फिजिक्सवाली मुलगी’ असते, नऊ झाल्या की ती नुसती विद्यार्थिनी होते.

२०१७ मध्ये संस्थेने सगळ्या प्रयोगाचा आढावा छापला. एकेकट्या रस्त्याने थोडंफार हललं, खरा फरक तिन्ही एकत्र केले तिथे, आणि शाळेची वरची माणसं मनापासून बरोबर असली तर. नुसत्या मुलींचा आत्मविश्वास वाढवून त्यांना परत त्याच शाळेत सोडलं तर येरे माझ्या मागल्या होणार हे तसं अपेक्षितच होतं, पण अपेक्षित असणं आणि करून बघितलेलं असणं ह्यात फरक आहे. पुढे २०२० मध्ये आयओपीने एक मोठी मोहीम काढली तिचा रोख मुलींवर नाहीच आहे, तो त्यांच्या आजूबाजूच्या मोठ्यांवर आहे, आईवडील, शिक्षक, मीडिया. फक्त मुलींपुरतीही ती मोहीम नाही, गरीब घरातली, अपंग, कृष्णवर्णीय मुलं सगळी त्यात घेतली. हा बदल सरळ ह्या सहा शाळांतून आला असं मी म्हणणार नाही, पण दिशा तीच आहे.

प्रकरणाला एक शेपूटही आहे. एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या सोशल मोबिलिटी कमिशनच्या, म्हणजे गरीब घरातल्यांना वर यायची संधी मिळते का हे बघणाऱ्या आयोगाच्या, तेव्हाच्या अध्यक्षा, स्वतः लंडनमधल्या एका गाजलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका, संसदेच्या समितीसमोर म्हणाल्या की मुलींना फिजिक्स फारसं आवडत नाही, त्यात अवघड गणित असतं. त्यांच्या शाळेत ए-लेव्हल फिजिक्सला मुली १६ टक्के होत्या, तेव्हाच्या देशाच्या साधारण २३ टक्क्यांहून कमी. आयओपीने लगेच जाहीर नापसंती दिली, आणि हातात दहा वर्षांचे आकडे असल्यामुळे ती देता आली. नुसतं ‘आम्हाला वाईट वाटलं’ म्हणायची वेळ आली नाही. सोसायटी असण्याचा हा एक कमी बोलला जाणारा फायदा आहे. कोणी बेधडक काहीतरी बोललं की उत्तर द्यायला आधीपासून कोणीतरी हिशोब ठेवलेला लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

सहा शाळा फार कमी. आणि त्या शाळा स्वतःहून तयार झालेल्या, म्हणजे मुख्याध्यापक आधीच अनुकूल, बाहेरचा माणूस येऊन वर्गात बसलेला चालणारे. ज्या शाळेत मुख्याध्यापकच म्हणतात की आमच्याकडे असा काही प्रश्नच नाही तिथे हे चालेल का हे ह्या आकड्यावरून कळत नाही, आणि खरी गरज तर तिथेच.

दुसरं, मोजायला एएस घेतलं. आता गंमत अशी की सप्टेंबर २०१५ पासून इंग्लंडमध्ये एएसचे मार्क ए-लेव्हलमध्ये धरणं बंद झालं, ती वेगळी परीक्षा झाली आणि हळूहळू शाळांनी ती घेणंच सोडलं. म्हणजे प्रयोग चालू असताना मधेच मोजपट्टी बदलली. ह्यात आयओपीचा दोष नाही, सरकारी निर्णय होता, आणि तो आधीपासून जाहीरही होता. पण म्हणूनच त्या ५२ मुलींपैकी पुढे ए-लेव्हल पूर्ण किती जणींनी केलं आणि त्यातल्या युनिव्हर्सिटीत फिजिक्सला किती गेल्या हा आकडा हेडलाइनमध्ये असायला हवा होता, मला तरी १६-५२ पेक्षा तो ऐकायला आवडला असता.

तिसरं, वय. विषय सोळाव्या वर्षी निवडतात म्हणून सगळं काम १४ ते १६ च्या आसपास केंद्रित होतं, पण ‘हे माझ्यासाठी नाही’ हे बऱ्याच मुलींचं त्याच्या खूप आधी ठरलेलं असतं, प्राथमिक शाळेपासून. फिजिक्सच्या संस्थेने प्राथमिक शाळेत जायचं का? तिथे फिजिक्स नावाचा विषयच नसतो, मेंबर नसतात, लॅब नसते. मला वाटतं जायला हवं होतं, निदान एका-दोन शाळांत करून बघायला.

चौथं म्हणजे माणूस. बाहेरून येणारा प्रोजेक्टचा माणूस हे ह्या सगळ्याचं इंजिन होतं, तो शाळेत यायचा म्हणून गोष्टी घडायच्या. इंग्लंडमध्ये सरकारी माध्यमिक शाळा तीन हजारांच्या वर आहेत, तेवढी माणसं कुठली सोसायटी पुरवणार? मग शाळेतलंच कोणीतरी तयार करून ठेवायला पाहिजे, आणि तो शिक्षक दोन वर्षांनी बदली घेऊन गेला की काय होतं हे धरून प्लॅन करायला पाहिजे.

आपल्याकडे हे जसंच्या तसं चालेल का

नाही चालणार, कारण आपला दरवाजा वेगळ्या जागी बंद होतो. आपल्याकडे अकरावी सायन्सला फिजिक्स सोडायचा प्रश्न सहसा येतच नाही, पीसीबी घेतलं तरी फिजिक्स, पीसीएम घेतलं तरी फिजिक्स, नीटला फिजिक्स, सीईटीला फिजिक्स. त्यामुळे बारावीच्या वर्गात मुली भरपूर दिसतात आणि सगळं आलबेल वाटतं. बीएस्सी, एमएस्सी फिजिक्सलाही महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत मुली मुलांइतक्याच किंवा जास्त असतात. इंग्लंडचा माणूस ते बघून थक्क होईल. गळती सुरू होते त्याच्या पुढे, पीएचडी, पोस्टडॉक, नोकरी, आणि प्राध्यापकांच्या यादीपर्यंत पोचेस्तोवर फार थोड्या उरतात. इंजिनिअरिंगच्या बाजूला तर आयआयटीमध्ये मुली इतक्या कमी होत्या की २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा तयार कराव्या लागल्या.

म्हणजे आपल्याकडे सोसायटीचं काम शाळेत कमी आणि डिपार्टमेंटमध्ये जास्त आहे. इंडियन फिजिक्स असोसिएशनने २०१७ मध्ये ह्यासाठी एक वेगळा कार्यगट केला, २०१९ मध्ये हैदराबाद युनिव्हर्सिटीत फक्त ह्याच विषयावर परिषद झाली आणि त्यातून फिजिक्समधल्या समानतेसाठी एक सनद निघाली. सनद चांगली आहे. आयओपीच्या प्रकरणावरून मला जी गोष्ट उचलावीशी वाटते ती त्याच्याही आधीची आहे, ती कारकुनी गोष्ट, शाळेगणिक मोजणं. आपल्याकडे डिपार्टमेंटगणिक मोजावं लागेल: ह्या एमएस्सीच्या बॅचमधून किती मुली पीएचडीला गेल्या, किती मुलगे गेले, पीएचडी पूर्ण किती जणांनी केली, मध्ये सोडली तर कुठल्या वर्षी. ही माहिती प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसात आहे, कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकच्या फायलींसाठी तिचा बराचसा भाग दरवेळी गोळाही होतो आणि मग कपाटात जातो. लहान आकड्यांचा तो ०.८ च्या घाताचा सापळा इथेही लागणार, एका बॅचमधून पीएचडीला जातातच दोन-तीन जण, त्यामुळे एका वर्षावरून कोणालाच झोडपता येणार नाही, निदान आठ-दहा वर्षांच्या बॅच एकत्र करून बघायला लागतील आणि एकट्या कॉलेजला ते जमणार नाही, तिथेच असोसिएशनची गरज लागते.